कच्चं कार्ड

वेगळं व्हायचं हे त्या दोघांनी न भांडता ठरवलं. रविवारची सकाळ होती. बेबी भांडी विसळत होती आणि नवरा एकेक भांडं पुसून फळीवर मांडत होता. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, "आपलं काही जमत नाही, नाही का गं?"

"नाही जमत," बेबी म्हणाली आणि विसळलेली कढई त्याच्या हातात दिली.

एवढंच. कुणी रडलं नाही, कुणी दार आपटलं नाही. उरलेली भांडी होईपर्यंत कोण कुठे राहील, घरी कधी सांगायचं, याचंही थोडंफार बोलणं झालं. मग दोघं नेहमीसारखी बाजारात गेली आणि आठवड्याची भाजी घेऊन आली.

बेबी हे काही तिचं खरं नाव नव्हे. भावंडांत शेवटची म्हणून लहानपणी चिकटलं, ते तिशी उलटली तरी सुटलं नाही. सासरच्यांनीही तेच उचललं. नवरा लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीचा इंजिनिअर. कंपनीने त्याला या देशात बोलावलं आणि त्याच्यामागे त्याची बायको म्हणून बेबी आली. सुरुवातीला दोघांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं होतं. भाषा येत नव्हती, रस्ते कळत नव्हते, दुकानातून मिठाचा पुडा म्हणून धुण्याचा सोडा घरी यायचा आणि दोघं पोट धरून हसायची. मग हळूहळू भाषा आली, रस्ते कळले, तिलाही काम मिळालं, आणि एक दिवस लक्षात आलं की आता धरून ठेवायला काही कारणच उरलेलं नाही. एकमेकांचा त्रास नव्हता. एकमेकांवाचून अडतही नव्हतं.

अडचण एकच होती. कायम राहण्याचा अर्ज दोघांचा मिळून होता. वरच्या ओळीत नवऱ्याचं नाव, खालच्या ओळीत 'सोबत: पत्नी'. वेगळं झालं की खालची ओळ गळणार, आणि ती गळली की बेबीला सामान बांधावं लागणार. अर्ज निम्म्या वाटेवर होता.

"कार्ड हातात येऊ दे, मग काय ते करू," नवरा म्हणाला. तेव्हा ते दोघांनाही शहाणपणाचंच वाटलं.

त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक वाक्य 'कार्ड आलं की' असं सुरू व्हायला लागलं. कार्ड आलं की घरी सांगू. कार्ड आलं की मोठं कपाट तू ने, मला टेबल पुरे. न्हाणीघरातला नळ गळत होता, तोही कार्ड आलं की जो इथे राहील तो दुरुस्त करणार होता. नवरा पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागला, पण सकाळी उठल्याबरोबर उशी-पांघरूण आतल्या पलंगावर नेऊन टाकायचा. घरमालक वेळी-अवेळी उगवायचा, आणि चौकशीला माणूस आला तर पहिल्यांदा घरमालकालाच विचारतात असं कुणीतरी सांगितलं होतं.

बेबीच्या पायाला भिंगरी लागली ती तेव्हापासून. तिला एका जागी बसवेना. कपाटातले कपडे ती आज या कप्प्यात लावायची, उद्या त्या कप्प्यात. कामावरून येताना दोन थांबे आधी उतरून चालत यायची आणि घरापाशी आली की आणखी एक चक्कर मारायची. रस्त्यात रिकाम्या घरांच्या खिडक्यांवर 'भाड्याने देणे' अशा पाट्या असत. त्या ती उभी राहून वाचायची, जसं काही आजच आत शिरायचं आहे.

तिचं काम असं होतं, की त्यात चुळबुळ चालत नाही. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांच्या यंत्रासाठी कानात बसणारे साचे ती बनवायची. दवाखान्यांतून छोट्या डब्या यायच्या. प्रत्येक डबीत रबरासारखा निळा गोळा, कुणाच्या तरी कानात ओतून, घट्ट करून काढलेला. त्यावरून कानात बसेल असा पारदर्शक तुकडा घडवायचा, कातरायचा, घासायचा, आवाज जायला बारीक भोक पाडायचं. जरा जाड राहिला तर कान दुखतो, जरा पातळ झाला तर यंत्र शिट्टी मारतं. मायदेशी असताना ती कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये होती. "दातांवरून कानांवर आले, बढती म्हणायची की काय," असं तीच म्हणायची. तिची आई मात्र सगळ्यांना सांगायची, "आमची बेबी तिकडे कानातले बनवते." त्यावर शेजारच्या काकूंनी लेकीच्या लग्नासाठी मोत्यांच्या टॉप्सची मागणीसुद्धा नोंदवली होती.

कार्यशाळेची मालकीण तिथलीच, साठीच्या घरातली, स्वतः एका कानाने बहिरी. त्यामुळे ती कुजबुजली तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. एके दिवशी बेबीने उजव्या कानाचा तुकडा डाव्या कानाच्या डबीत भरला. मालकिणीने तो उचलून दिव्यापाशी धरला.

"ज्या मुलाचा आहे, तो हा कुठे घालणार? नाकात?" ती ओरडली. मग खुर्ची ओढून बसली. "काय बिनसलंय?"

"काही नाही. कार्डाचं आहे जरा," बेबी म्हणाली. तिथे कुणालाही एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न बंद होतात.

पुढच्याच आठवड्यात मुलाखतीचं बोलावणं आलं. दोघांना एकाच दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत. नवऱ्याने ओळखीच्यांकडून काय काय विचारतात त्याची माहिती काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं तयारीला बसली. शाळेची तोंडी परीक्षा असावी तशी.

"मी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करतो?"

"मोबाईल बघतोस. मग चष्मा शोधतोस. आधी चष्मा शोधलास तर मोबाईल दिसेल, हे आठ वर्षं सांगतेय."

"तुझ्या ताईच्या नवऱ्याचं काम?"

"ते तुला माहीत हवं. तू सांग."

"बँकेत. तुझ्याशी बोलताना घसा खाकरतात. तुला चिरलेला टोमॅटो चालत नाही, शिजवलेला चालतो. झोपेत पाय आपटतेस. पाल दिसली की आधी हसतेस, मग ओरडतेस."

सगळं बरोबर होतं. एकही प्रश्न चुकला नाही. एवढं सगळं माहीत असून माणसं कशी वेगळी होतात, हे बेबीला कळेना, आणि एवढं माहीत आहे म्हणून एकत्र राहावं, असंही वाटेना. मग नवऱ्याने पुढचा प्रश्न वाचला. "पुढच्या पाच वर्षांत तुमचा काय विचार आहे?"

नवऱ्याने कागद खाली ठेवला.

"सांगू, घर घेणार," नवरा म्हणाला. "नदीपलीकडे, ते नवं बांधकाम चाललंय तिथे. मी सांगतो तसंच तू सांग. वरचा मजला नको, लिफ्ट बंद पडली की मलाच बोलावतील. दुसरा मजला. एक खोली आपली, एक येणाऱ्या-जाणाऱ्यांना. बाल्कनी पूर्वेला." तो सांगत गेला आणि त्याचा आवाज असा काही खरा झाला, की बेबीला ती बाल्कनी दिसायला लागली. तिथे वाळत घातलेले कपडेही दिसले. ती एकदम उठली.

"काय झालं?"

"पाय आखडले," ती म्हणाली आणि चपला घालून खाली गेली.

मुलाखतीच्या दिवशी बेबीला एका खोलीत बसवलं, नवऱ्याला दुसऱ्या. समोरची अधिकारी बाई सर्दीने बेजार. दर दोन वाक्यांनंतर नाक पुसायची. तिने पत्ता विचारला, लग्नाची तारीख विचारली, कामाची जागा विचारली. "तुमचे पती कुठे काम करतात?" "लिफ्टच्या कंपनीत." "आमच्याही इमारतीची बिघडलीय," बाई म्हणाली आणि पान उलटलं. पाच वर्षांचं तिने काही विचारलं नाही. झोपेचं नाही, टोमॅटोचं नाही. खोटं बोलायची वेळच आली नाही. बेबीचा जीव भांड्यात पडला.

मग दोघांना एकत्र बोलावून बाईने समजावलं. अर्जाला अडचण दिसत नाही. काही आठवड्यांत कार्डं येतील. पण नियम आता बदलले आहेत. जोडप्याने आलेल्यातल्या दुसऱ्या माणसाचं, म्हणजे पत्नीचं, कार्ड दोन वर्षं कच्चं असेल. दोन वर्षं एका छताखाली राहून पुन्हा इथे यायचं, पुन्हा मुलाखत, मग ते पक्कं होईल. नागरिकत्वाचं बघायचं ते त्यापुढे. "काही शंका?" बाईने विचारलं आणि शिंकली.

बाहेर पडल्यावर नवरा हलका झाला होता. "बघ, उगाच घाबरत होतीस. विचारलं का काही?"

"दोन वर्षं म्हणाली ती."

"दोन वर्षं काय, बघता बघता जातील. आत्ताही राहतोयच की आपण. मी सोफ्यावर, तू आत. काय बिघडलंय?"

बेबी बसथांब्याकडे चालू लागली. बसमध्ये जागा रिकाम्या होत्या तरी ती उभी राहिली. 'कार्ड आलं की' हे वाक्य इतके दिवस दाराच्या कडीसारखं समोर होतं. हात लांब केला की उघडेल असं. आता कुणी तरी दारच उचलून रस्त्याच्या टोकाला नेऊन ठेवलं होतं. आणि दोन वर्षांनी तिथे पोचल्यावर ते आणखी पुढे गेलेलं नसेल कशावरून? मग नागरिकत्व होईपर्यंत थांब, मग पासपोर्ट येईपर्यंत थांब. असं करत करत चाळिशी उलटेल आणि सोफ्यावर तोच, आत तीच.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून अर्धी रजा टाकून फाईलकाकांकडे गेली. फाईलकाका आपल्याकडचेच, परदेशी लोकांचे अर्ज भरून देणारे. त्यांचं ऑफिस कपडे धुण्याच्या दुकानावर होतं, त्यामुळे तिथे कायम साबणाचा वास आणि खालच्या यंत्रांची घरघर. टेबलावर, खुर्चीवर, खिडकीत, सगळीकडे फायली. बसायला जागा करून देताना त्यांनी एक गठ्ठा उचलून मांडीवर घेतला.

बेबीने सगळं सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे बघ पोरी, कायद्याने तुमचं लग्न शाबूत आहे. मनाचं खातं माझ्याकडे नसतं. दोन वर्षं काढ. पक्कं कार्ड घे. त्यानंतर त्याला सोड, मला सोड, हा देश सोड. तुला कुणी विचारणार नाही."

"आणि नाही काढली तर?"

"तर त्याच्या अर्जातून तू स्वतःहून नाव काढायचंस. त्याचं काही बिघडत नाही, तो एकटा पुढे जातो. थोडी चौकशी होईल, बास. पण तू पहिल्या यत्तेत. परत जायचं, नाहीतर स्वतःच्या कामावर नवा परवाना. तुझं हे कानाचं काम कमी लोकांना येतं, म्हणून यादीत आहे. पण अट अशी, की मोठ्या शहरात नाही. लहान गावात, जिथे माणूस मिळत नाही तिथे. आणि ज्याच्याकडे नोकरी, त्याच्याशी बांधलेली. नोकरी गेली की परवाना गेला."

"म्हणजे एका दाव्यातून सुटून दुसऱ्याला."

"तेच सांगतोय. आणि हे दावं लांबलचक. चार वर्षं, पाच वर्षं." काकांनी मांडीवरचा गठ्ठा खाली ठेवला. "माझं ऐक. तुझ्या जागी माझी मुलगी असती तरी हेच सांगितलं असतं. पहिला रस्ता."

बेबीने मान डोलावली आणि जिना उतरताना तिला जाणवलं, की आपण घाईघाईने उतरतोय आणि पाय कार्यशाळेकडे वळलेत.

मालकिणीने सगळं ऐकलं, तेही चांगला कान पुढे करून. मग म्हणाली, "माझ्या बहिणीचं दुकान आहे. दगडाच्या खाणींच्या गावात. तिथले निम्मे लोक सुरुंगांनी बहिरे झालेत, उरलेल्यांना कानांत घालायला बुचं लागतात. ती कधीची माणूस शोधतेय." थोडं थांबून तिने जोडलं, "पण आधीच सांगते. तिथे बघण्यासारखं काही नाही. सगळ्यावर धूळ असते. आणि माझी बहीण माझ्याहून वाईट आहे."

"म्हणजे?"

"तिला दोन्ही कानांनी ऐकू येतं."

बेबीला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

नवऱ्याला सांगायचं बाकी होतं. शनिवारी त्याची पाळी नव्हती, पण लिफ्टचा तातडीचा फोन त्याच्याकडे होता. तो सोफ्यावर बसून बूट पुसत होता. बेबीने उभ्यानेच सांगून टाकलं. तो बूट खाली ठेवायला विसरला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कार्ड येतंय! छापून येतंय! लोक त्याच्यासाठी जिवाचं रान करतात."

"ते कच्चं आहे."

"मग पक्कं होईल! मी काय तुला खातोय? मी तुला कधी काही बोललो? माझी उशी मी उचलतो, माझा डबा मी करतो."

"तू काहीच केलेलं नाहीस."

"मग?"

"मला इथे बसवत नाही," बेबी म्हणाली. "दुसरं काही सांगता येत नाही मला. मला दोन वर्षं या घरात बसवणार नाही."

"आणि माझं काय? मला बोलावतील. विचारतील, बायको का गेली? मी काय सांगू? आत्तापर्यंत सगळं बरोबर सांगितलं, आता मी खोटारडा ठरणार?"

"खरं ते सांग. जमलं नाही म्हणून सांग."

"तुला सोपं आहे!" तो ओरडला आणि तेवढ्यात फोन वाजला.

त्याने उचलला. त्याचा आवाज एका क्षणात बदलला. कुठल्याशा इमारतीत एक म्हातारी बाई लिफ्टमध्ये अडकली होती आणि घाबरून गेली होती. "आजी, ऐकताय ना? मी तुमच्याशीच बोलतोय. हवा आत येते, काळजी करू नका. खाली बसा. पिशवी बाजूला ठेवा. माझा माणूस निघालाय. पिशवीत काय आहे? अंडी? मग जपून ठेवा, आपल्याला ती फुटायला नकोत." तो बोलत राहिला. हळू, ठाम, जराही न कंटाळता. बेबी भिंतीला टेकून ऐकत होती. हा असा आवाज तिने या घरात शेवटचा कधी ऐकला होता, ते तिला आठवेना. मिठाच्या पुड्याच्या दिवसांत असेल. माणूस वाईट नव्हता. चांगलाच होता. तिला रडू आलं आणि त्याचबरोबर निर्णय झाल्यासारखंही वाटलं.

दुरुस्तीवाला पोचेपर्यंत तो बोलत होता. मग त्याने फोन ठेवला.

"सुटल्या का आजी?" बेबीने विचारलं.

"सुटल्या. अंडीही सुटली." त्याने पुन्हा बूट उचलला. "तू ठरवलंयस ना?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

त्यानंतर चारेक दिवस तो तिच्याशी बोलला नाही. भांडी मात्र रोज पुसून ठेवत होता.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. आईला वेगळं होण्याचा धक्का बसला, पण तिचं पहिलं वाक्य होतं, "अगं, मग कार्ड घेऊन तरी वेगळी हो!" ताई फोनवर आली. मागे भाऊजींनी घसा खाकरल्याचं ऐकू आलं. "बेबी, तुला जगाचं काही कळत नाही. एवढी वर्षं घालवलीस, आणखी दोन घालवता येत नाहीत?" ताई म्हणाली.

"ताई, मी घालवत होते हे तुलाही दिसत होतं?"

ताईने विषय बदलला. मग हळूच म्हणाली, "जेवतेयस ना नीट?" आणि फोन परत आईकडे दिला. आईने विचारलं, की त्या खाणीच्या गावात सोनार तरी आहे का, म्हणजे कानातल्यांना गिऱ्हाईक मिळेल. या वेळी बेबीने तिला नीट समजावून सांगितलं. आईला आता उलगडा झाला. "म्हणजे बहिऱ्यांना ऐकू येतं त्याने? मग हे आधी सांगायचं नाहीस का? मी उगाच मोत्यांचे टॉप्स, टॉप्स करत बसले."

बेबीने अर्जातून नाव काढलं. नव्या परवान्यासाठी थांबायचे दिवस सगळ्यांत वाईट होते. जुना परवाना संपत आला होता, नवा येत नव्हता. फाईलकाका फोनवर फक्त "बघू" म्हणत. तिने सामान बांधून दाराशी लावून ठेवलं होतं. ते खाणीच्या गावाला जाणार की विमानतळावर, ते तिलाही माहीत नव्हतं. रोज सकाळी पिशवीतून दात घासायचा ब्रश काढायचा आणि परत ठेवायचा. एकदा तर तिला वाटलं, आपण चूक केली. तोंडाशी आलेलं सोडून वाऱ्यावर निघालो. नवऱ्याचं कार्ड आलं त्या दिवशी तर फारच वाटलं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. लहानसं, हिरवट. त्यावर त्याचा फोटो चोरासारखा आला होता.

"छान आहे," ती म्हणाली.

"घाणेरडा फोटो आहे," तो म्हणाला. मग तो म्हणाला, "चौकशीत मी सांगितलं. जमलं नाही म्हणून. त्या सर्दीवाल्या बाईने 'ओह' म्हटलं आणि पान उलटलं."

परवाना आला तेव्हा बसस्टँडवर तिला सोडायला तोच आला. मोठं कपाट अर्थातच कुठेच गेलं नाही. ते त्या घराच्या दारातून निघतच नव्हतं. ते आत बांधलेलं असावं.

खाणीच्या गावात खरोखरच बघण्यासारखं काही नव्हतं. दुकानाच्या वरची खोली तिला मिळाली. खिडकीच्या चौकटीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ रोज साचायची. दुपारी सुरुंग उडाले की कपबशा किणकिणायच्या. नवी मालकीण कमी बोलायची आणि सगळं ऐकायची. जिन्यावरून बेबी चपला हातात घेऊन उतरली तरी तिला कळायचं. पहिल्या हिवाळ्यात बेबीचं तिच्याशी कडाक्याचं वाजलं. खाणीच्या मुकादमाने एकगठ्ठा कानाची बुचं मागवली होती, सगळी एकाच मापाची, लवकर. बेबी म्हणाली, प्रत्येकाच्या कानाचं माप घेतल्याशिवाय मी करणार नाही. मालकीण म्हणाली, मी सांगेन ते करायचं, नाहीतर तुझा परवाना माझ्या सहीवर आहे हे विसरू नकोस. बेबी खोलीत जाऊन खूप वेळ येरझारा घालत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने ती एकाच मापाची बुचं केली. काय करणार? निम्मी परत आली. मालकिणीने चूक कबूल केली नाही, पण पुढच्या वेळी मुकादमाला स्वतःच सांगितलं, माणसं पाठव, कान बघू. परवान्याचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही. बेबी तो विसरली नाही.

अशी ती वर्षं गेली. सुखात गेली असं म्हणता येणार नाही. दर नूतनीकरणाच्या वेळी जीव टांगणीला लागायचा. दर खेपेला मालकिणीसमोर कागद ठेवताना बेबीची मान ताठ व्हायची. पण 'ते झालं की हे करू' असं वाक्य आता तिच्या तोंडी येत नव्हतं. नळ गळला तर ती लगेच दुरुस्त करायची. खिडकीला तिने पिवळे पडदे लावले. परवाना नाकारला गेला असता तर ते सोडून जावं लागलं असतं. तरी लावले.

पक्कं कार्ड आलं तेव्हा मालकिणीने ते हातात घेऊन मागूनपुढून पाहिलं. "आता जाशील," ती म्हणाली. "कार्ड आलं की सगळे जातात."

"बघते," बेबी म्हणाली.

तिला वाटलं होतं, आता पायातली भिंगरी थांबेल. ती थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी ती शहराच्या बसमध्ये बसली. कुठे जायचं हे न ठरवता, नुसतं जाता येतं म्हणून. उतरल्यावर तिने नवऱ्याला फोन केला. कागदोपत्री तो आता नवरा नव्हता, पण दुसरं काय म्हणायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. तो धावत आला. कपाळ मोठं झालं होतं. दोघं एका चहाच्या दुकानात बसली. त्याने खिशातून नवा पासपोर्ट काढून दाखवला. तो या देशाचा नागरिक झाला होता.

"जुना आपल्या वकिलातीत परत केला. कोपरा कापून दिला त्यांनी मला," तो म्हणाला. "ठेवलाय कपाटात. वाटतं तसं काही वाटलं नाही गं. फक्त घरी जायला आता व्हिसा काढावा लागतो, तेव्हा रांगेत उभा राहिलो आणि जरा कसंतरी झालं. मागचा माणूस म्हणाला, पाहुणे का तुम्ही? मी म्हटलं, हो." तो चहात साखर ढवळत राहिला. "तू कधी करणार अर्ज? तुझा हक्क होईल आता."

"अजून ठरवलं नाही."

"उशीर करू नकोस. नियम बदलतात. आपलं काय झालं, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"फाईलकाकांना सांगू का? ते अजून आहेत. आता फायली जिन्यात आल्यात."

"नको, थांब," बेबी म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. अर्ज करावा असंही तिला वाटत होतं, करू नये असंही. आणि दोन्ही वाटणं घेऊन ती आरामात चहा पीत होती. मागे कुणी उभं नव्हतं. कुणाच्या नावाखालची ओळ नव्हती, कुणाची सही नव्हती. एका गोष्टीचा निर्णय पुढच्या वर्षीही घेता येतो, किंवा कधीच नाही, असं तिच्या बाबतीत फार वर्षांत घडलं नव्हतं.

"तुझ्या त्या खाणीत आता राहणार आहेस की इकडे येणार?" त्याने विचारलं.

"तेही बघतेय. समुद्राकाठच्या गावात एक दवाखाना आहे. त्यांना माणूस हवाय. जाऊन बघून येईन पुढच्या महिन्यात."

"तुझं आपलं चालूच."

"चालूच," ती हसली.

तो तिला बसपर्यंत सोडायला आला. लिफ्टचा तातडीचा फोन आता दुसऱ्याकडे असतो, त्यामुळे घाई नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. नव्या घराबद्दलही बोलला. नदीपलीकडे नाही, जुन्या भागातच, तळमजल्यावर घेतलं होतं. तिथे राहायला येणाऱ्या बाईचा त्याने ओझरता उल्लेख केला आणि लाजला. बेबीला मनापासून बरं वाटलं, आणि थोडंसं कसंतरीही. तिने त्या बाईबद्दल एकच विचारलं, "तिला माहितेय ना, तू आधी चष्मा शोधत नाहीस ते?"

"सांगितलंय. ती म्हणते, मी उशाशी दोरीने बांधून ठेवीन."

बस सुरू झाली. तो काचेपाशी येऊन मोठ्याने काहीतरी म्हणाला. अर्जाचंच असणार. इंजिनच्या आवाजात अर्धंच पोचलं. तिने हाताने 'फोन कर' अशी खूण केली. त्याने मान डोलावली आणि बस वळेपर्यंत तिथेच उभा राहिला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. अर्जाचा विषय त्याने काढला नाही. तळमजल्यावर मुंग्या फार येतात, तुझ्याकडे काय उपाय करतात, असं तो विचारत होता.